दुसऱ्याच्या दुखण्याची गोळी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी औषधांचे एक दुकान आहे. तिथे बसणारा मुलगा माझा जुना विद्यार्थी. सातवीत असताना मागच्या बाकावर बसून तो चिंचा खाई. आता मोठ्या गांभीर्याने लोकांना पथ्ये सांगतो. गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी डॉक्टरांची चिठ्ठी त्याच्यापुढे ठेवली, तेव्हा ती वाचून त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि हळहळत्या आवाजात विचारले,

"बाई, तुम्हालाही बीपी?"

"नाही रे. माझे बीपी एकशेदहा-सत्तर आहे."

"मग ही गोळी? ही तर बीपीची."

"नाडीसाठी दिली आहे."

"असं होय," तो म्हणाला. पण वही घरी राहिली असे तो सांगे तेव्हा मी त्याच्याकडे जशी पाही, नेमका तसाच तो या वेळी माझ्याकडे पाहत होता.

सांगलीसारख्या गावात बातमीला पाय लागत नाहीत, ती आपोआप पोचते. संध्याकाळपर्यंत शेजारच्या काकू येऊन "लोणचं बंद कर हो आता" असे बजावून गेल्या. शाळेतल्या एका मैत्रिणीने उपाशीपोटी लसणाच्या दोन पाकळ्या घ्यायला सांगितल्या. आणि आमच्या सासूबाईंनी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, एक शब्दही न बोलता माझ्यापुरती अळणी आमटी वेगळी काढून ठेवली. त्या आमटीची चव मी अजून विसरलेले नाही. पण त्यामागची माया पाहून ती मुकाट्याने प्यायले. जे दुखणे मला नव्हते त्याचे पथ्य मी असे आठवडाभर पाळले. जे होते त्याबद्दल मात्र उभ्या आयुष्यात कुणी मला एक पथ्य सांगितले नव्हते.

ते दुखणे मला पहिल्यांदा जडले तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. आठवीच्या वर्गावर शिकवत असताना खडू खाली पडला. तो उचलायला वाकले आणि छातीत काहीतरी निसटल्यासारखे झाले. एरवी घाबरल्यावर किंवा जिना चढल्यावर छाती धडधडते ती हळूहळू वाढते, हळूहळू निवते. हे तसे नव्हते. दिव्याचे बटण दाबावे तसे ते एका क्षणात सुरू झाले. गळ्यापाशी कुणी डफ बडवीत असावे असे वाटत होते. मी खुर्चीवर बसले, मुलांना धडा मनातल्या मनात वाचायला सांगितला. दहा-बारा मिनिटांनी, जसे आले तसेच, एका ठोक्यासरशी ते थांबले. तास संपला. कुणाला काही कळलेही नाही.

त्यानंतर पंचवीस वर्षे ते येत-जात राहिले. कधी वर्षातून दोनदा, कधी महिन्यातून दोनदा. मी डॉक्टरांकडे गेले नाही असे नाही. पण डॉक्टरांच्या दारात पोचेपर्यंत छाती अगदी शहाण्या मुलीसारखी वागू लागे. कार्डिओग्राम काढावा तर तो निर्दोष. चोर येऊन गेल्यावर सकाळी पोलिसांनी घर पाहावे आणि "इथे तर कुणी नाही" म्हणावे, तसला तो प्रकार. मग ठरलेला निकाल मिळे: मनाला फार लावून घेता, जरा मन रमवा. कुणी झोपेची हलकी गोळी दिली, कुणी प्राणायाम सांगितला. हळूहळू माझाही स्वतःवरचा विश्वास उडाला. धडधड सुरू झाली की मी ठोके मोजण्याऐवजी, आज आपण कशाने नाराज आहोत, याचा शोध घेऊ लागे. आणि नाराज व्हायला संसारात काय तोटा? काहीतरी सापडेच.

हे सारे मला इतक्या सहज पटले, त्याला एक कारण होते. हे मी आधी पाहिले होते.

माझे माहेर राजापूरच्या बाजूला. आमच्या आईलाही अशीच धडधड होई. काम करता करता ती एकदम थांबे, छातीवर हात ठेवून मागच्या पायरीवर बसे. चेहरा पांढराफटक पडलेला असे. थोड्या वेळाने उठून ती विहिरीजवळच्या दगडी डोणीपाशी जाई, पदर खोचून वाके आणि डोणीतल्या गार पाण्यात सबंध तोंड बुडवून राही. एकदा, दोनदा, तीनदा. मग पदराने तोंड पुशीत परत येई आणि कामाला लागे. आम्हा भावंडांना त्याचे हसू येई. वडील म्हणत, "हिचं नेहमीचंच आहे." आजी याहून कडक शब्द वापरी.

१९८९ साली मी दहावीच्या परीक्षेला बसले. पहिल्या पेपरच्या सकाळी मी पानावर बसले आणि आई वाढता वाढता पळी टाकून मागे गेली. मी वाट पाहिली, मग उठून मागच्या दारात गेले. ती डोणीवर वाकलेली होती. मी म्हणाले, "आई, आजच्या दिवशी तरी नको गं हे."

तिने तोंड वर काढले. केसांवरून पाणी निथळत होते. ती काही बोलली नाही. ओल्या हातानेच तिने माझ्या तळहातावर दही ठेवले आणि मला वाटेला लावले.

गेल्या वर्षी जानेवारीत माझा चोर अखेर सापडला. शाळेत दुपारच्या सुट्टीत धडधड सुरू झाली ती पाऊण तास झाला तरी थांबेना. डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. आमच्या शिपाईमामांनी रिक्षा आणली आणि मला जवळच्या दवाखान्यात नेले. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आधी प्रश्न विचारले नाहीत, आधी छातीला तारा लावल्या. कागदाची पट्टी बाहेर आली. मिनिटाला १८८ ठोके. ती पट्टी माझ्यापुढे धरून त्या म्हणाल्या, "हे बघा, हे मनाचं नाही. याला एसव्हीटी म्हणतात."

माझ्या डोळ्यांत पाणी आले. त्यांना वाटले मी भ्याले. खरे सांगायचे तर इतका आनंद मला पदवीचा कागद हाती पडला तेव्हाही झाला नव्हता.

मग त्यांनी मला एक रिकामी सिरिंज दिली आणि तिच्या तोंडातून फुंकर घालून आतला दट्ट्या सरकवायला सांगितले. पंधरा सेकंद जोर लावून झाल्याबरोबर त्यांनी मला पाठीवर झोपवले आणि परिचारिकेने माझे दोन्ही पाय उचलून वर धरले. छातीत एक मोठा ठोका पडला, क्षणभर सारे निःशब्द झाले आणि नाडी ताळ्यावर आली. सुई नाही, औषध नाही. हा जादूचा प्रयोग काय आहे हे मी पुढे वाचून काढले. अंतोनिओ वाल्साल्वा नावाचा एक इटालियन शरीरशास्त्रज्ञ अठराव्या शतकाच्या आरंभी कानाचा अभ्यास करीत होता. दम कोंडून जोर लावण्याची ही रीत त्याने सांगितली ती कानासाठी. हृदयासाठी तिचा उपयोग होतो हे मागाहून ध्यानात आले. पाय वर उचलण्याची पुस्ती तर अगदी अलीकडची. २०१५ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी चारशेहून अधिक रुग्णांवर पडताळा घेतला; नुसत्या फुंकरीने शंभरांतले १७ जण ताळ्यावर आले, पाय उचलल्यावर ४३.

"पण हे होतं कशानं?" मी विचारले. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढले. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यातून विजेची एक लहानशी लहर निघते, मधल्या एका नाक्यावर क्षणभर थांबते आणि मग खालच्या कप्प्यांत उतरते. हा नाका १९०६ साली सुनाओ तावारा या जपानी संशोधकाने जर्मनीत काम करताना दाखवून दिला. काही माणसांच्या नाक्यापाशी एकीऐवजी दोन वाटा असतात, एक जलद आणि एक सावकाश. एखादा ठोका अवेळी पडला की लहर एका वाटेने खाली जाते, दुसरीने वर येते आणि पुन्हा पहिलीने खाली. म्हणजे स्टँडवरून सुटलेली एसटी मिरजेला न जाता स्टँडलाच प्रदक्षिणा घालत राहावी, आणि दर प्रदक्षिणेला कंडक्टरने घंटा मारावी, तसे. फुंकरीने किंवा तसल्याच एखाद्या उपायाने मेंदूकडून हृदयाकडे जाणारी एक मज्जा चेतवली जाते, ती नाक्यावर क्षणभर लाल दिवा दाखवते आणि प्रदक्षिणा मोडते.

"घरच्या घरी आणखी काय करता येतं?" मी विचारले.

"गार पाण्यात तोंड बुडवायचं," त्या सहज म्हणाल्या. "त्यानंही तीच मज्जा चेतते. काही जणांचं थांबतं."

मी गप्प झाले. त्यांना वाटले मला नीट कळले नाही, म्हणून त्यांनी पुन्हा एकदा सांगितले. मला मात्र ती दगडी डोण दिसत होती. माझी आई चौथी शिकलेली. तिने कुणाला न विचारता, स्वतःच्या शरीराची परीक्षा घेत घेत, तो उपाय शोधून काढला होता. आणि आम्ही शिकलेली माणसे मागच्या दारात उभी राहून हसत होतो. आई २००९ साली गेली, ती न्यूमोनियाने. तिला हेच दुखणे होते का, असे मी डॉक्टरीणबाईंना विचारले. त्या प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, "आता कसं सांगणार? पट्टी काढलेली नाही. आणि आईचं मुलीकडे येतंच असंही नाही." बरोबरच आहे. पट्टी काढायला आधी कुणीतरी तिचे म्हणणे खरे मानायला हवे होते.

त्यांनी दोन मार्ग सांगितले. एक, मांडीच्या शिरेतून बारीक तार हृदयापर्यंत नेऊन ती जादा वाट जाळून टाकायची. बहुतेकांचे दुखणे त्याने कायमचे जाते. क्वचित एखाद्याचा नाकाच दुखावतो आणि मग पेसमेकर बसवावा लागतो. दुसरा मार्ग गोळीचा. मी भित्रेपणाने गोळी निवडली. मेटोप्रोलॉल, २५ मिलिग्रॅम.

"ही बीपीची गोळी आहे," त्यांनी आधीच सांगून ठेवले. "घाबरू नका. तुम्हाला ती नाडीसाठी देतेय."

या गोळीच्या कुळाची कथाही मोठी मजेची आहे. भय वाटले, राग आला की शरीरात एक द्रव्य सुटते आणि हृदय धावू लागते, हे जुनेच ज्ञान. हे द्रव्य निरनिराळ्या अवयवांवर दोन प्रकारच्या कड्यांना धरून काम करते, असे अमेरिकेतल्या रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ साली मांडले. एका प्रकाराला त्यांनी आल्फा म्हटले, दुसऱ्याला बीटा. फारसे कुणी लक्ष दिले नाही. पण स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक यांनी दिले. त्यांचे वडील एका मोटार अपघाताच्या धक्क्यानंतर हृदयविकाराने गेले होते. दुबळ्या हृदयाला जास्त रक्त कसे पुरवावे, याचा विचार सारे करीत होते. ब्लॅक यांनी उलटा विचार केला, की त्या हृदयाची गरजच कमी का करू नये? बीटाची कडी बुजवली तर हृदय उगाच धावणार नाही. यातून १९६०च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल आले. ते हृदयशूळासाठी होते. त्याने रक्तदाबही उतरतो हे मागाहून दिसले. ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल मिळाले. म्हणजे आमच्या गल्लीने जिला बीपीची म्हणून शिक्का मारला, ती गोळी मुळात बीपीचीही नव्हेच! ती तिथेही उसनीच गेलेली. हे कळल्यावर मला तिच्याबद्दल जरा आपुलकी वाटू लागली.

पण आपुलकी वाटली म्हणून गोळी मानवतेच असे नाही. पहिल्या आठवड्यात हातपाय गार पडू लागले. सांगलीच्या मार्चमध्ये मी पायमोजे घालून झोपे. स्वप्ने इतकी ठसठशीत पडत, की सकाळी उठून मी ह्यांना त्यांच्या स्वप्नातल्या वागण्याबद्दल जाब विचारी. शाळेचे दोन जिने चढताना पाय शिशाचे होत. हृदयाने धावावे अशी ती एक जागा, पण ते काही केल्या आपली चाल सोडीना. आणि एके दिवशी अंगणात रांगोळी काढून उठले ती तोल जाऊन तुळशीवृंदावनावरच टेकले. बीपी पाहिले तर ब्याण्णव-साठ, नाडी ५४. रक्तदाब उतरवणारी गोळी रक्तदाब उतरवणारच; ज्याचा चढलेला त्याचा खाली यावा, माझा आधीच जमिनीवर, तो तळघरात गेला. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "मीठ कमी केलंत का?" मी अळणी आमटीची हकीकत सांगितली. त्या हसून म्हणाल्या, "सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, आणि उद्यापासून सगळ्यांची आमटी घ्या. पाणी भरपूर प्या."

आणखी एक गंमत झाली. एरवी भाषण करायला उभे राहायचे म्हटले की माझी छाती उडे. त्या वर्षी वार्षिक संमेलनात मी उभी राहिले आणि छाती ढिम्म. रस्त्यात कुत्रे अंगावर आले, मी ओरडले, पळाले, पण हृदय आपले सावकाश. मनात भीती आणि छातीत शांतता, ही फारच चमत्कारिक अवस्था आहे. ज्याचा हात कापता कामा नये अशा नेमबाजांना ही औषधे स्पर्धेत निषिद्ध आहेत. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या एका नेमबाजाची दोन पदके याच कुळातल्या गोळीपायी काढून घेतली गेली. मला पदक मिळायचे नव्हते. पण भाच्याच्या लग्नात वधूची पाठवणी होत असताना सगळ्यांबरोबर मीही रडले आणि छाती मात्र कार्यालयाच्या हिशेबनीसासारखी कोरडी ठोके मोजीत राहिली, तेव्हा मला आपलेच काहीतरी हरवल्यासारखे वाटले.

त्याच लग्नात मी एक मूर्खपणा केला. तिथल्या एका शहाण्या नातेवाइकांनी "बीपी नाही तर बीपीची गोळी कशाला?" असे विचारले, मला ते पटले आणि मी गोळी एकदम बंद केली. तिसऱ्या दिवशी असा झटका आला की स्नानगृहात बादलीत तोंड बुडवून बसावे लागले. चौथ्यांदा बुडवल्यावर तो थांबला. डॉक्टरीणबाई त्या दिवशी हसल्या नाहीत. ही गोळी अचानक सोडली की दाबून धरलेले हृदय उसळी मारते. सोडायचीच तर ती पायरीपायरीने, डॉक्टरांना विचारून. दम्याच्या माणसाला तर ती जपूनच द्यावी लागते. हे मुद्दाम लिहिते, कारण माझे वाचून कुणी आपल्या घरची बीपीची गोळी शेजाऱ्याच्या धडधडीला देऊ नये. कुणाचे बीपी कशाने चढते, कुणाची छाती कशाने धावते, हे पट्टी काढल्यावाचून कळत नाही.

मध्यंतरी दुसऱ्या कुळातली एक गोळी देऊन पाहिली, व्हेरापामिल. तीही नाक्यावर लाल दिवा दाखवणारी, आणि तीही, काय सांगू, बीपीचीच! तिने पोटाचे असे हाल केले की पंधरा दिवसांत मी पूर्वीच्याच गोळीकडे परतले. मात्र अर्धी, आणि रात्री झोपताना. ती मानवली. पूर्वी महिन्याला दोन झटके येत; आता चार महिन्यांत एक आला, तोही पाच मिनिटांचा. वाट जाळून घेण्याचा विचार मी सोडलेला नाही. दिवाळीनंतर मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. भीती वाटते, पण आता ती कशाची वाटते ते ठाऊक आहे, आणि त्याने भीतीचे निम्मे ओझे उतरते.

औषधाच्या दुकानातला तो मुलगा आता चिठ्ठी मागत नाही. मला पाहताच "बाई, बीपीची गोळी ना?" म्हणून पाकीट पुढे करतो. मी "हो" म्हणते. आयुष्यभर ज्या दुखण्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, त्यापेक्षा नसलेल्या दुखण्यावर सबंध गल्लीचा विश्वास आहे, हेही काही कमी नाही.

परवा दिवाळीची भांडी काढायला मुलगी माळ्यावर चढली. पुण्याहून नुकतीच आली होती. पितळी डबे घेऊन खाली उतरली आणि धापा टाकीत म्हणाली, "आई, छातीत काय धडधडतंय गं!"

मी हातातले काम ठेवले. तिला पाटावर बसवले, मनगट हाती घेतले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत पुरे एक मिनिट मोजले. १०४. सरळ, एकसारखे. पाच मिनिटांनी पुन्हा मोजले, ७८. माळा चढल्या-उतरल्याची धडधड, दुसरे काही नव्हते. मी माझी वही काढली, तिचे नाव, तारीख आणि दोन्ही आकडे लिहिले.

"काही नाहीये ना? मग लिहितेस कशाला?" ती हसत म्हणाली.

"असू दे," मी म्हटले.

ती डबे घासायला मागे गेली. वही मिटताना मनात आले, माझ्या आईने तीस वर्षे छातीवर हात ठेवला, पण तिचे मनगट आमच्यापैकी एकानेही कधी हातात घेतले नाही.